काट्यावर दोन गाड्या

पुणे जिल्ह्यात पारगावांना तोटा नाही. जुन्नरातलं पारगाव तर्फे आळे आणि आंबेगावातलं, भीमाशंकर कारखान्याचं, पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. आम्ही कारखान्याचे.

नाना आमच्यातलेच. एकावर विसंबणं हा त्यांच्या लेखी अडाणीपणा. उसाचं औषध एक मंचरहून आणतील, एक नारायणगावहून, आणि दोन्ही एकाच पंपात ओततील. पोराने पुण्याला जाताना अशा माणसाच्या हाती उबंटूवाला कॉम्प्युटर दिला.

उबंटूत प्रोग्रॅम यायच्या वाटा दोन: जुना अ‍ॅप्ट आणि नवा स्नॅप. नानांनी फ्लॅटपॅक आणून तिसरी पाडली. 22.04 पासून फायरफॉक्स अ‍ॅप्टकडे मागितला तरी स्नॅपचाच येतो. नानांना यात काळंबेरं दिसलं. त्यांनी फ्लॅटपॅकचाही घेतला. आता मेनूत एकाच तोंडवळ्याचे दोन कोल्हे, आणि दोघांची दप्तरं निराळी. सातबाऱ्याच्या साइटची खूण एकात ठेवायची, शोधायची दुसऱ्यात, आणि घर डोक्यावर घ्यायचं: "मशीननं माझा सातबारा गिळला!"

सकाळचा चहा झाला की नाना सगळी अपडेटं एकदम सोडतात. स्नॅप बिचारा दिवसातून चारदा आपणहून बघून येतो. त्याचा आणि फ्लॅटपॅकचा काटा वेगळा. पण खिडकीतला सॉफ्टवेअर अपडेटर, टर्मिनलमधला अ‍ॅप्ट आणि मागच्या मागे चाललेलं सुरक्षेचं अपडेट, या तिघांच्या गाड्या शेवटी डीपीकेजीच्याच वजनकाट्यावर. तिथे एका वेळी एकच गाडी. बाकीच्यांना निरोप मिळतो: कुलूप मिळालं नाही, ते अमक्याकडे आहे. दोन ट्रॅक्टर एकदम काट्यावर चढले तर कुणाचा ऊस किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हे नानांना मी सांगायला नको. सीझनला ट्रॉलीखाली घोंगडी टाकून त्यांनी नंबरासाठी रात्री काढल्यात.

घरी मात्र पाच मिनिटं दम निघेना. कुठूनसा मंत्र मिळवून त्यांनी कुलपाच्या फाइलीच पुसल्या आणि दुसरी गाडी काट्यावर घातली. तेवढ्यात लाइट गेली. (आमची लाइट मुहूर्त चुकवत नाही.)

मी जाऊन 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवलं, अर्धवट बसलेली पॅकेजं मार्गी लावली.

"नाना, कुलूप कुणाकडं आहे ते त्याच ओळीत लिहिलं होतं की."

"एवढं बारीक कोण वाचत बसतंय?"

तिन्ही वाटांनी माल येऊन डिस्क भरली, म्हणून नानांनी मोठी मागवली. आठ दिवस झाले तरी येईना. चौकशी केली तर पार्सल आळ्याच्या पारगावात पोचलेलं. नानांनी फोनवर कुरिअरच्या पोराला फैलावर घेतलं:

"नाव एक असलं म्हणून काय झालं? पुढं तर्फे काय लिहिलंय, ते वाचायला डोळे नाहीत का रे तुला?"