हसणाऱ्यांची यादी

पुतणीच्या कॉलेजात गॅदरिंग होतं आणि एकांकिका लिहायला कुणी मिळत नव्हतं, म्हणून तिला मी आठवलो. निवृत्त मराठीचा मास्तर म्हणजे घरातली जास्तीची सतरंजी. एरवी माळ्यावर, पाहुणे वाढले की खाली. "काका, विषय ठरलाय," ती म्हणाली, "ट्रोलिंग आणि आजची स्त्री." मी म्हटलं, बाई गं, या दोन्हींतलं मला काही कळत नाही. "मग रिसर्च करा की! अंबाजोगाईत बसून नुसते सुप्रभात काय पाठवायलाव?"

लागलो कामाला. दोनशेपानी वही आणली, पहिल्या पानावर श्री लिहिलं आणि मराठीचा मास्तर जिथून सुरुवात करतो तिथूनच केली, म्हणजे पुस्तकांच्या कपाटापासून.

मला वाटत होतं, ट्रोलिंग हे मोबाइलबरोबर आलं. तसं काही नाही. १८४८ साली सावित्रीबाई पुण्यात मुलींना शिकवायला निघाल्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेण पडत होतं आणि त्या शाळेत बदलायला दुसरं लुगडं जवळ ठेवत. फरक इतकाच, की फेकणाऱ्याला आपले हात तरी भरवून घ्यावे लागत. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर खटला झाला, तेव्हा वर्तमानपत्रांतून एकजात सगळ्या बायकांच्या चारित्र्याची झडती सुरू झाली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून त्याला सणसणीत उत्तर दिलं. मग त्यांच्यावरच टीका झाली. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. माझ्या वहीत मी एवढंच लिहिलं : 'अकाउंट बंद.'

तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७चं. हौशी नाटकवाली मंडळी एका गावात जाऊन वेळ घालवायला खोटा खटला मांडतात आणि गंमत गंमत म्हणत बेणारेबाईंना सोलून काढतात. शाळेत असताना मला त्यात न्यायव्यवस्था दिसली होती. आता वाचताना वाटलं, हा तर अस्सल ग्रुप आहे. न्यायाधीश झालेले काशीकर म्हणजे अॅडमिन, बाकीचे फॉरवर्ड करणारे.

जवळचं उदाहरणही होतं. २०२४च्या डिसेंबरात, परळीतल्या कार्यक्रमांवरून बोलताना आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी अभिनेत्री प्राजक्ता माळी यांचं नाव घेतलं. माळी यांनी पत्रकार परिषद घेतली, राज्य महिला आयोगाकडे तक्रार केली, धसांनी दिलगिरीही व्यक्त केली. तोवर पारावरच्या प्रत्येकाने आपला निकाल देऊन टाकला होता. आमच्याकडे पाऊस उशिरा येतो, निकाल नाही.

कायद्याचं विचारायला वकील मित्राकडे गेलो. त्याने चहा पाजून सांगितलं, की बाई नको म्हणत असताना तिचा पिच्छा पुरवणं, इंटरनेटवर तिच्यावर पाळत ठेवणं, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं. खासगी फोटो आणि अश्लील मजकूर यांना माहिती तंत्रज्ञान कायद्यातली ६६-ई आणि ६७ ही कलमं आहेत. मी सगळं टिपून घेतलं. "आणि नुसता हसणारा?" मी विचारलं. तो म्हणाला, "हसणाऱ्याला कुठलं कलम लावतोस? अर्धा जिल्हा आत जाईल."

आता राहिली आजची स्त्री. बीडमध्ये ती शोधायला लांब जावं लागत नाही. याच जिल्ह्याने केशरकाकू क्षीरसागरांना १९८०, १९८४ आणि १९९१ असं तीनदा लोकसभेवर पाठवलं आणि याच जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७च मुली भरल्या. हे दोन आकडे मी वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि त्यांचं एकमेकांशी कसं जुळतं ते बघत बसलो. मग पंचायतीत बायकांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या. केज तालुक्यातल्या अशाच एका सरपंचबाईंना फोन लावला. पलीकडून भारदस्त आवाज आला, "बोला, सरपंच बोलतोय." मी म्हटलं, सरपंचबाई हव्यात. "त्येच ते," तो म्हणाला.

त्यांच्या गावात उतरलो तेव्हा निम्म्या घरांना कुलपं होती. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकमध्ये बसून साखर कारखान्यांकडे जातात, गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. ओट्यावर म्हातारी माणसं आणि शेरडं उरलेली. पंचायतीत टेबलावर पाटी बाईंची आणि खुर्चीत त्यांचे मालक. मला पाहून ते उठले, बाई बसल्या, आणि राज्यकारभार सुरळीत सुरू झाला.

"बारा वर्सं उसाला गेलो, गुर्जी," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघं मिळून एक कोयता." हा तिथला हिशेब. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. पहाटे तीनला उठून भाकरी बडवायच्या, फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. आणि मोजताना बाई अर्धी. "आता अर्ध्या कोयत्याची सही लागती सगळ्यांला," म्हणून त्या हसल्या. मी वहीत लिहिलं : 'बदलती भूमिका.' पेपरात गुण मिळावेत असं वाक्य.

मग मी जपून ट्रोलिंगचं विचारलं. तुम्हाला कधी कुणी त्रास...? त्यांनी पदराला पुसून मोबाइल माझ्यापुढे धरला. सव्वीस जानेवारीचा व्हिडिओ. झेंड्यापुढे बाई कागद वाचतायत आणि 'प्रजासत्ताक' या शब्दाला अडखळतायत. प्रजा... प्रजास्ता... प्रजातसत्तक. पोरं खिदळतात. बारा सेकंदांत संपतो.

तो बघताना मला एकदम उकडायला लागलं. कारण तो मी पाहिला होता. तालुक्याच्या एका ग्रुपात, जिथे सुप्रभात आणि श्रद्धांजली यांखेरीज फारसं काही येत नाही, तिथे आला होता.

"शिव्या बी लई आल्या," बाई म्हणाल्या. "भाकरी थाप म्हणे, खुर्ची सोड म्हणे. पर त्ये सगळे अनोळखी. नाव नाही, फोटूला फूल नाहीतर वाघ. त्येंचं काही वाटलं नाही. हसणारे मात्र सगळे वळखीचे." त्यांनी व्हिडिओखालच्या, हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. यादी उघडली. सत्तेचाळीस. चौथ्या ओळीत शाल-श्रीफळ घेतलेला, निरोप समारंभातला मी.

काय बोलावं? अडतीस वर्षं ऱ्हस्वदीर्घ तपासलेलं बोट, चुकीचा शब्द दिसला की आपोआप चालतं, असं काहीतरी पुटपुटलो. बाई रागावल्या नव्हत्या. "तुम्ही फोन केला तवाच वळखलं," त्या म्हणाल्या. "मला एवढंच सांगायचंय, ह्यो शब्द मी कदी घोकलाच नाही. सव्वीस जानेवारीला मी शाळेत कवाच नव्हते. आमचा जानेवारी उसात."

मालकांनी तेवढ्यात चहा आणला. बशीत ओतून प्यायलो, म्हणजे मान खाली ठेवता आली. निघताना बाई म्हणाल्या, "नाटकात मला रडताना दावू नका. त्या दिशी रडायला सवड नव्हती, टँकर यायचा व्हता."

परतीच्या एसटीत मी मोबाइल काढून तो पिवळा चेहरा मागे घेतला. सत्तेचाळीसचे सेहेचाळीस झाले. कुणाला कळलंही नसेल. मग खिडकीतून उसाची वाडी लादलेली बैलगाडी दिसली आणि मला माझे हजेरीपट आठवले. दर साली दिवाळीनंतर त्यात त्याच त्या नावांपुढे गैरहजेरी मांडत मी पाडव्यापर्यंत जायचो. अक्षर सुवाच्य असायचं, साहेबांनी कौतुकही केलं होतं.

रात्री पुतणीला पहिला प्रवेश वाचून दाखवला. पडदा वर जातो. जानेवारी महिना. शाळेचा वर्ग, निम्मे बाक रिकामे. मास्तर टेबलाशी बसून नावं पुकारतायत, उत्तर येत नाही, ते लिहून पुढे जातात.

"बरंय," ती म्हणाली. "पण काका, खलनायकाची एंट्री कधी?"

"अगं," मी म्हटलं, "तो हजेरी घेतोय."