मनमाडला टूरिंग सायकल कशी मिळवावी

आधी मोबाइल खिशात घाला. त्यात दिसतात त्या परदेशी टूरिंग सायकली: पोलादी नळ्या, सांध्यांवर नक्षीदार लग, पितळेची झाळ. किंमत वाचली की माणूस मोटारसायकलीकडे वळतो. आपल्याला हवी ती, लगवाल्या फ्रेमची, मनमाडच्या एखाद्या गल्लीत कॅरिअरला पाण्याचे कॅन लटकवून उभी आहे. अ‍ॅटलस, हर्क्युलस, हीरो, कोणतीही चालेल; काळी, चोवीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला, हे सांगून विकणारा भाव चढवील. हळहळ व्यक्त करा, पैसे वाढवू नका.

नळाला पाणी येणार त्या दिवशी मात्र सायकल मागायला जाऊ नये. वागदर्डी धरणाच्या पाण्यासाठी ज्या गावाने वर्षानुवर्षं पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस वाट पाहिली, तिथे सायकल घरच्या नळजोडणीतच मोडते. करंजवण धरणाचं पाणी घरोघरी रोज येऊ लागलं की भाव आपोआप उतरतील. तेवढा धीर असेल तर पुढचं वाचायची घाई नाही.

रंगाला भुलू नका. भुलण्याइतका तो उरलेलाही नसेल. लगच्या कडेने नख फिरवा. बारीक चीर लागली तर नमस्कार करून निघा. मग दोरा काढा. मागच्या चाकाच्या आखापासून निघून हॅन्डलखालच्या नळीला वळसा घालून पलीकडच्या बाजूने पुन्हा आखापर्यंत ताणा. सीटखालच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे सारखं भरलं तर फ्रेम सरळ. एव्हाना पोरं जमलेली असतात. एकाला दोरा धरायला लावावं. चाकाचा आउट, झिजलेले छर्रे, ढिली कॉटर पिन, हे आजार ओव्हरऑइलिंगला दिले की बरे होतात. कॅन अडकवायला कुणी आकडे वेल्ड करून घेतले असतील तर सौद्यात तेही मागा, पिशव्या त्यांवर झकास बसतात.

वजन वीसेक किलो भरेल. हकीम, बापासोला आणि भुमगरा १९२३ साली मुंबईहून सायकलींवर निघाले आणि १९२८ मध्ये जग फिरून परतले, ४४ हजार मैल. सायकल जड आहे असं घरी फोन करून सांगायची सोय तेव्हा नव्हती. तरी पहिली फेरी चांदवडच्या घाटात नको. हे ब्रेक पावसात सल्ला दिल्यासारखे लागतात. येवल्याच्या रस्त्याने अंकाईपर्यंत जाऊन या.

आता भाव. भंगारवाल्याला किलोचा दर विचारा, विसाने गुणा. हा झाला तळ. त्याखाली मागितली तर मालक दुखावेल, आणि त्याच्या वडिलांची आठवण निघाली की सौदा संपला. मुंबईपर्यंत जायचंय हे चुकूनही बोलू नका. ‘‘पंचवटी एक्सप्रेस आहे की!’’ असं तो म्हणेल, आणि त्यावर कुणाकडेच उत्तर नाही. नोटा मोजा, पावती मागा. पावती मिळणार नाही, चहा मिळेल.