दिवाणखान्यातील संगणकस्थापना : शास्त्रोक्त विधी

हा विधी घरात कुणी नसताना आरंभावा. आजींच्या साडेसातच्या मालिकेत खंड पडला, तर पुढची कितीही उत्तम मांडणी ग्राह्य धरली जात नाही.

प्रथम वर्ज्य वस्तू. माळ्यावरचे टीव्ही ट्यूनर कार्ड खाली काढू नये. एके काळी वसतिगृहातल्या पोरांनी त्यात केबलवाल्याची वायर खुपसून रात्र रात्र क्रिकेट पाहिले, हे खरे. पण मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ला ॲनालॉग केबलची मुदत संपली आणि वाहिन्या कुलूपबंद होऊन सेट-टॉप बॉक्समध्ये जाऊन बसल्या. कार्ड अजून धडधाकट असेल. त्याला पकडायला काही उरलेले नाही.

यजमानाने संगणकाचे वय तपासावे. इंटेलचा प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर १०-बिट एचईव्हीसी पद्धतीने दाबलेले ४के चित्रपट तो सहज उलगडतो. त्यासाठी त्यात वेगळी सोयच असते. त्याआधीचा असेल, तर सगळे ओझे मुख्य प्रोसेसरवर पडते, पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो आणि नायक-नायिका अडखळत भेटतात.

आता केबल. ड्रॉवरमध्ये सापडली म्हणून घेतली, असे करू नये. एचडीएमआय १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते. ६० साठी २.० लागते, आणि तेही संगणक, केबल व टीव्ही या तिघांनाही मान्य असावे लागते. आंतरजातीय विवाहाला दोन घरांची संमती पुरते, इथे तीन लागतात.

जोडणी होताच स्टार्टचे बटण अर्धे भिंतीत गेल्यासारखे दिसेल. घाबरू नये. हे ओव्हरस्कॅन. जुन्या काचेच्या नळीवर चित्राच्या कडा नीट येत नसत, म्हणून चित्र थोडे फुगवून कडा चौकटीआड लपवत. नळी गेली, रीत राहिली. टीव्हीच्या मेन्यूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधावे. कंपनीगणिक नाव वेगळे. मग विंडोजमधले स्केल २००-३०० टक्क्यांवर न्यावे, नाहीतर सोफ्यावरून अक्षरे मुंग्यांसारखी दिसतात. आवाज आला नाही, तर तो संगणकाच्याच स्पीकरकडे हट्टाने बसलेला असतो. आउटपुटमध्ये टीव्ही निवडावा.

घरातले व्हिडिओ मांडण्यासाठी कोडी घालावे. २००२ मध्ये एक्सबॉक्ससाठी सुरू झालेला हा कार्यक्रम २०१४ पासून कोडी या नावाने ओळखला जातो. तो स्वतः वाहिन्या देत नाही. फाइलींची नावे वाचून चित्रपटांची पोस्टरे शोधून आणतो. त्यामुळे ‘मुंज’ नावाची फाइल चित्रपटांच्या फोल्डरात ठेवू नये. बटूऐवजी भलताच नायक झळकण्याचा संभव असतो.

सर्वांत अवघड भाग रिमोटचा. एचडीएमआयमधल्या सीईसी सोयीने टीव्हीच्याच रिमोटवर जोडलेले यंत्र चालवता येते. तळहाताएवढ्या रास्पबेरी पायला ते जमते, पण नेहमीच्या डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डाला बहुधा नाही. म्हणून बिनतारी कीबोर्ड येतो, मागोमाग त्यात चिवड्यातले शेंगदाणे जातात, आणि आजी विचारतात, “अरे, यात आवाज कमी कुठून करायचा?”

शेवटी ‘ॲक्टिव्ह अवर्स’ भरावेत. या वेळात विंडोज अपडेटसाठी आपणहून बंद होऊन सुरू होत नाही. मर्यादा १८ तासांची आहे. त्यात मालिका, बातम्या आणि रात्रीचा सामना बसवावा. उरलेले सहा तास संगणकाला द्यावेत.

एवढे झाल्यावर जुना सेट-टॉप बॉक्स टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय खाचेत जोडावा आणि त्याचा रिमोट आजींच्या उशाशी ठेवावा. रिचार्ज चालू ठेवावे.