सिस्टरांचं रजिस्टर

प्रत्येक आळीत वही ठेवणारा एक माणूस असतोच. कुणी दुधाचा हिशेब ठेवतं, कुणी पावसाचा. गणपतीची वर्गणी कोणत्या साली कुणी बुडवली, हे तारखेनिशी सांगणारे काका तर अकलूजच्या प्रत्येक पेठेत सापडतील. आमच्या आळीच्या वाट्याला मात्र थेट देवाशी चाललेल्या व्यवहाराची वही ठेवणाऱ्या सिस्टर आल्या आहेत.

सिस्टर म्हणजे निवृत्त स्टाफ नर्स. शिक्षण मिरजेला, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात. नोकरी सगळी सोलापूर जिल्ह्यात आणि निवृत्तीनंतरचा मुक्काम अकलूजला. त्यांना नाव आहे, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर. भाजीवाली त्यांना सिस्टर म्हणते, पाळकसाहेब सिस्टर म्हणतात, नातवंडंसुद्धा 'सिस्टर आजी' म्हणतात. घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "जेवलात का?" दुसरा, "झोप लागते का?" आणि तिसरा, "आज आभार कशाबद्दल?" तिसऱ्याचं उत्तर दिल्याशिवाय चहाचं आधण ठेवलं जात नाही. एकदा आमच्या हिनं घाईघाईत "सगळ्याबद्दलच की हो" म्हणून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. सिस्टर म्हणाल्या, "सगळं दुखतंय म्हणणाऱ्या पेशंटचं काहीच सापडत नाही वहिनी. जागा सांगा."

पहाटे पाचला त्यांची ड्यूटी सुरू होते. टेबलावर बायबल, चष्म्याची डबी, तीन पेनं आणि डायरी. डायरी विकत आणणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. औषध कंपन्यांचे एमआर जानेवारीत डॉक्टरांना डायऱ्या वाटतात आणि जुन्या ओळखीचे एक-दोन डॉक्टर त्यातली एक सिस्टरांसाठी बाजूला काढून ठेवतात. अशा डायरीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकेका औषधाची जाहिरात असते. त्यामुळे यंदा तेविसाव्या स्तोत्रावरचं मनन आम्लपित्ताच्या गोळीखाली आलं आहे, ईयोबाची दुःखं मलमाखाली आणि विलापगीताच्या वर भूक वाढवणारं टॉनिक आहे. मी हसलो तर म्हणाल्या, "हसू नका भाऊ. ज्याला त्याला लागू पडेल तेच आलंय."

तीन पेनांचे तीन रंग. वचनाला निळा, विनंत्यांना लाल, उपकारांना हिरवा. रात्रपाळीच्या नोंदी लाल शाईत करायची सवय हाताला होतीच, तिला आता नवं काम मिळालं. आणि या सगळ्याच्या मुळाशी वॉर्डात पाठ झालेला एकच नियम आहे : लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. इंजेक्शन दिलं पण चार्टवर लिहिलं नाही, तर ते दिलंच नाही. सिस्टरांच्या मते देवाच्या उपकारांचंही तसंच. झाला आणि लिहिला नाही, तर दुपारपर्यंत माणूस तो विसरतो आणि संध्याकाळी पुन्हा 'माझंच नशीब असं' म्हणायला मोकळा होतो.

वर्षभरात बायबल वाचून काढायचा संकल्प दर जानेवारीला पुष्कळ लोक करतात. 66 पुस्तकं, 1189 अध्याय. रोज तीन-चार अध्याय वाचले की झालं. उत्पत्तीत आदाम-हव्वा, नोहा, योसेफ असे सगळे असल्यामुळे गाडी सुसाट सुटते. निर्गमात तांबडा समुद्र दुभंगेपर्यंत जोर टिकतो. मग लेवीय येतं, यज्ञांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम सुरू होतात आणि बहुतेकांच्या डायऱ्या तिथंच कोऱ्या पडतात. सिस्टरांची गाडी नेमकी तिथं वेग घेते. लेवीयाचा तेरावा अध्याय हा त्यांचा सगळ्यात आवडता. अंगावर चट्टा दिसला की याजकानं तपासायचं, शंका असली तर सात दिवस वेगळं ठेवायचं, सातव्या दिवशी पुन्हा तपासायचं. या पानावर निळ्या शाईत त्यांचं मनन एका ओळीचं आहे : 'आयसोलेशन पद्धत उत्तम. फेरतपासणीही वेळेवर.'

शास्त्राकडे बघायची त्यांची ही नजर ठायी ठायी दिसते. लूक वैद्य होता, म्हणून त्याचा उल्लेख कायम 'आमचे डॉक्टर लूक' असा. हिज्कीया राजाच्या गळवावर यशया संदेष्ट्यानं अंजिराचं पोटीस बांधायला लावलं, तिथं समासात 'ड्रेसिंग' असं लिहून खाली दोन रेघा. पहिल्या इतिहासाच्या आरंभी नऊ अध्याय नुसत्या वंशावळी आहेत. भले भले वाचक ते ओलांडून पुढं जातात. सिस्टर एकेक नाव वाचतात. म्हणतात, "हजेरी घेताना नावं गाळून चालत नाही." 119 वं स्तोत्र सगळ्यात मोठं, 176 वचनांचं. आठ-आठ वचनांचे 22 भाग. रोज एक भाग याप्रमाणे सिस्टरांनी त्याचा 22 दिवसांचा कोर्स लावला आणि आळीतल्या तिघींना बजावलं, "बरं वाटायला लागलं म्हणून मधेच बंद करायचा नाही."

खरी गंमत लाल शाईच्या पानांत आहे. विनंतीप्रार्थनेची यादी पुष्कळ ख्रिस्ती भाविक करतात. सिस्टरांनी तिचं वॉर्डाचं रजिस्टर केलं आहे. रकाने आखलेले : बेड नंबर, तक्रार, दाखल तारीख, आजची अवस्था, डिस्चार्ज. नाव कुणाचंच लिहायचं नाही, पेशंटची गोष्ट बाहेर फुटता कामा नये. पोराला नोकरी नाही, सून माहेरी जाऊन बसली, डाळिंबावर तेल्या पडला, दहावीचं गणित, असं काहीही घेऊन या, बेड मिळतो. जात-धर्माचा रकानाच नाही. डिस्चार्जचे शेरे मात्र वाचण्यासारखे. नोकरी लागली की 'पूर्ण बरा'. सून परत आली पण धुसफूस चालू असली की 'सुधारणा आहे, लक्ष ठेवणे'. एका पोरानं प्रार्थनेचा कंटाळा करून परस्पर पुण्याला बिऱ्हाड हलवलं, त्याच्या पुढं 'सल्ल्याविरुद्ध घरी गेला'. आणि काहीच उपाय चालेनासा झाला की 'थेट मोठ्या साहेबांकडे रेफर'.

नावं नसल्यामुळे आळीला एक नवाच छंद लागला आहे : कोणता बेड कुणाचा ते ओळखायचं. एकदा सिस्टर चहा टाकायला आत गेल्या आणि समोरच पान उघडं राहिलं. बेड नं. 7. तक्रार : 'नळाला पाणी आलं नाही की नळाशी भांडतो. मनानं चांगला.' अवस्था : 'जुनाट'. प्रार्थना : 'सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर'. आमच्या हिनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "डोस वाढवायला सांगू का?"

सिस्टरांचा जाच होतो तो रविवारी. उपासनेत साक्षीची वेळ आली की पर्समधून डायरी निघते. पाळकसाहेबांचा हात आपोआप घड्याळाकडे जातो. बाकीचे लोक 'प्रभूनं आठवडाभर सांभाळलं' एवढ्यात आटोपतात. सिस्टर सोमवारपासून सुरू करतात. सोमवारी गॅसची टाकी लगेच मिळाली. मंगळवारी गुडघा जिना चढताना दुखला, उतरताना नाही. बुधवारी मेथीची जुडी ताजी होती. शुक्रवारपर्यंत मागच्या बाकावरची पोरं बोटांवर मोजत असतात. एकदा पाळकसाहेब अगदी नम्रपणे म्हणाले, "सिस्टर, थोडक्यात सांगितलं तर?" सिस्टर म्हणाल्या, "त्यानं थोडक्यात दिलं असतं तर थोडक्यात सांगितलं असतं."

याच पाळकसाहेबांनी एकदा प्रवचनात जुन्या डायऱ्यांचा विषय काढला होता. मेथडिस्ट चळवळ उभी करणारे जॉन वेस्ली आपली दैनंदिनी सांकेतिक खुणांत लिहीत आणि ती उलगडायला पुढं अभ्यासकांना फार खटपट करावी लागली. सिस्टरांनी लगेच टिपलं : 'डॉक्टरी अक्षर असावं.' ब्रिस्टॉलला अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर कुणापुढं हात न पसरता फक्त प्रार्थना करत आणि काय मागितलं, काय मिळालं, याची नोंद ठेवत. हे ऐकून मात्र सिस्टर खूश झाल्या. "बघा, जमा-खर्च ठेवला म्हणून तर कळलं."

घरातल्या फळीवर 'स्मृतिचित्रे' आहे, पानं सुटी झालेलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आठवणी 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झाल्या. सिस्टरांचं मत असं, की लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलं म्हणून नारायण वामन टिळक आपल्याला घरातले वाटतात, नाहीतर ते नुसते कवी राहिले असते. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. सिस्टरांना या वाक्याचं भारी कौतुक, कारण आषाढात त्यांच्या दारावरूनच तो पूल जातो.

तुकोबांची पालखी सराटीचा मुक्काम आटोपून नीरेचा पूल ओलांडते आणि अकलूजला, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात येते. माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं, अश्व धावतात, सगळं गाव तिकडं लोटतं. सिस्टर रिंगणाला जात नाहीत. त्या ओट्यावर बसतात, शेजारी बादलीभर कोमट पाणी, कापूस, मलम, पट्ट्या. वारकरी येतो, पाटावर पाय ठेवतो. चालून चालून टाचेला पडलेला फोड फुटून त्यात माती गेलेली असते. सिस्टर पाय धुतात, पंच्यानं बोटांच्या बेचक्या कोरड्या करतात, मलम लावून पट्टी बांधतात आणि वर दम भरतात, "माऊली, ओल्या पायात चप्पल घालायची नाही." माऊलीही मान डोलावते आणि त्यांच्याच पाया पडायला वाकते. तेवढं सिस्टरांना चालत नाही, त्या पाय मागं घेतात. रात्री डायरीत निळ्या शाईत फक्त 'योहान 13' असं असतं, म्हणजे येशूनं शिष्यांचे पाय धुतले तो अध्याय. खाली हिरव्या शाईत : 'पट्ट्या पुरल्या.'

त्यांचे मालक साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. माणूस मिश्कील. पौलानं तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आहे, ते वचन त्यांना तोंडपाठ होतं आणि दर शनिवारी संध्याकाळी त्यांचं पोट बिघडायचं. डायरीत त्या वचनापुढं सिस्टरांचा शेरा आहे : 'डोस लिहिलेला नाही. किती दिवस घ्यायचं तेही नाही. औषध देता येत नाही.' मालक म्हणायचे, "प्रेषिताचं प्रिस्क्रिप्शन नाकारणारी ही एकटीच."

मालक आजारी पडले तेव्हा त्यांना बेड नं. 1 दिला होता. तो बरेच महिने भरलेला राहिला. शेवटी डिस्चार्जच्या रकान्यात 'प्रभूकडे' एवढंच आलं. हे पान त्यांनी मला आपणहून दाखवलं. दुसऱ्या दिवशीच्या तारखेखाली लाल शाईत लिहिलं होतं : 'का, ते कळलं नाही. विचारत राहीन.' आणि त्याखाली, अक्षर जरा तिरकं गेलेलं, पण हिरव्या शाईत : 'शेवटच्या रात्री त्रास झाला नाही. मुलगा वेळेत पोचला. शेजारून चहा आला.' मी काही बोललो नाही. सिस्टरच म्हणाल्या, "स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत भाऊ. तक्रार लिहिली तर त्याला चालतं. पण चहा आला तोही लिहायला पाहिजे."

डॉक्टर लूकनी सांगितलेली एक हकिकत सिस्टर प्रत्येक नव्या डायरीच्या पहिल्या पानावर उतरवतात. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकटाच परत आला. बाकीच्या लोकांना यातून पुष्कळ बोध होतात. सिस्टरांना चाळीसएक वर्षांची नोकरी आठवते. "दहा पेशंट बरे करून घरी पाठवले, फॉलोअपला एक आला. आमच्या ओपीडीत याहून वेगळं काय होतं?" राग नसतो त्यात. त्यांचं म्हणणं एवढंच, की दुखणं स्वतःहून आठवण करून देतं, बरं वाटलं की मात्र काहीच आठवत नाही. म्हणून दुखण्याची वही नसली तरी चालेल, बरं वाटल्याची हवी. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी काढल्यावर माझंही तेच मत झालं आहे, आणि त्यासाठी ख्रिस्ती असावं लागतं असंही मला वाटत नाही.

तेव्हा अकलूजला कधी आलात आणि ओट्यावर तीन पेनं खोचलेल्या कुणी बाई दिसल्या, तर त्यांच्यासमोर गुडघा दुखतो, पोरगं ऐकत नाही, असलं काही सहज म्हणूनसुद्धा बोलू नका. लगेच बेड मिळेल आणि डिस्चार्ज होईपर्यंत दर आठवड्याला फोन येईल. बोललातच, तर एवढं करा : गुण आला की सांगायला परत या. नऊ जण येत नाहीत.