प्रश्न विचारणाऱ्यालाच का काढता?

कॉटन ग्रीनला पैशाचा खेळ नवा नाही. या भागाची ओळखच कापसाच्या गाठींची आणि कॉटन एक्स्चेंजच्या इमारतीची. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईला येणाऱ्या ओपन-क्लोजच्या भावांवर एकेकाळी लोक पैसे लावत. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, मग आकडा मडक्यातून निघू लागला आणि वरळीचा मटका गिरणगावभर पसरला. त्या मटक्याने कित्येक पगार घरी पोचू दिले नाहीत. पण चिठ्ठी लावणाऱ्याला आपण जुगार खेळतोय हे ठाऊक होते. 'ही बचत आहे, तूही कर' असे तो मेव्हण्याला सांगत नव्हता.

आज अभ्युदयनगरपासून शिवडीपर्यंत मोबाइलवर जे फिरते, ते बचतीच्या नावाने फिरते. 'कॉइनमध्ये लावा, दिवसाला एक टक्का, आयडी लावला की रेफरल वेगळा, पेआउट थेट वॉलेटमध्ये.' पाठवणारा कोणी परका नसतो. तो मंडळातला, सोसायटीतला किंवा पोर्ट ट्रस्टमधून आपल्याबरोबर निवृत्त झालेला असतो. म्हणून तर आपण फसतो. क्रिप्टो कळली म्हणून कोणी पैसे लावत नाही, माणूस ओळखीचा म्हणून लावतो.

अशी योजना ओळखायला ब्लॉकचेन शिकावी लागत नाही. एकच प्रश्न पुरतो: हे व्याज येते कुठून? १९२० मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीने ४५ दिवसांत ५० टक्के नफा कबूल केला होता. टपालाच्या कूपनांचा व्यापार करतो, असे तो सांगे. प्रत्यक्षात नव्या माणसाचे पैसे जुन्या माणसाला जात होते. कूपनांच्या जागी आता कॉइन आले, बाकी काहीही बदललेले नाही.

आपल्या महाराष्ट्राने याचा मोठा फटका खाल्ला तो 'गेनबिटकॉइन'मध्ये. अमित भारद्वाजच्या या योजनेचा बोलबाला २०१५ पासून. बिटकॉइन द्या, आम्ही मायनिंग करतो, दरमहा १० टक्के बिटकॉइन १८ महिने परत घ्या, असा वायदा. या वायद्यातली खोट समोरच होती. बिटकॉइनचे मायनिंग करणाऱ्याला मिळणारे बक्षीस ठरावीक टप्प्याने निम्मे होते. जुलै २०१६ मध्ये ते एका ब्लॉकमागे २५ वरून साडेबारा बिटकॉइनवर आले. उत्पादन निम्म्यावर उतरले आणि देणारा मात्र त्याच १० टक्क्यांवर ठाम! ज्याने हा हिशेब मांडला असता, त्याला पुढचे सगळे दिसले असते. पुढे बिटकॉइन परत देणे जमेना, तेव्हा लोकांच्या हाती 'एमकॅप' नावाचे घरचेच कॉइन टेकवले गेले. लक्षात ठेवा, पैसे मागितल्यावर दुसरे कॉइन पुढे केले जाते तेव्हा तिजोरी रिकामी झालेली असते.

२०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. २०२२ मध्ये तो मेला. त्याच वर्षी तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांनाच, जप्तीतली क्रिप्टो परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, पुण्यात अटक झाली. नंतर प्रकरण सीबीआयकडे गेले. बुडालेला पैसा परत मिळवणे किती कठीण असते, ते यावरून कळावे. म्हणून बोलायचे ते पैसे जाण्याआधी.

आणि हे पुण्यातच घडते असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेस नावाच्या कंपनीच्या दुकानासमोर पैसे अडकलेल्यांची जमलेली गर्दी आठवा. तिथे खडे विकत घ्यायचे आणि आठवड्याला परतावा घ्यायचा, नवी माणसे आणली की वर बक्षिसे. शेवटी शेवटी आठवड्याचा आकडा ११ टक्क्यांपर्यंत नेला होता. सहाच टक्के धरा. ५२ आठवड्यांचे ३१२ टक्के होतात. बँकेची मुदत ठेव तेव्हा वर्षाला सातच्या आसपास देत होती. भाजी विकणारी, नोकरी करणारी, पेन्शनवर जगणारी माणसे त्या फुटपाथवर उभी होती, आणि त्यांतल्या अनेकांनी आपल्याच बहिणीला, शेजारणीला आत आणले होते. गोळा झालेल्या पैशातला काही भाग क्रिप्टोत फिरवल्याचे तपासात पुढे आले. बुडालेल्यांना लोभी म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. दादरसारख्या भर वस्तीत झगमगते दुकान महिनोन्‌महिने उघडे असते, तेव्हा ते कोणीतरी तपासले असेल, असे सामान्य माणसाने धरून चालणे स्वाभाविक आहे.

आता आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनशी बोलायचे आहे. अशा योजनांच्या टेलिग्राम चॅनलवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येते. पेआउटचे स्क्रीनशॉट रोज पडतात, आणि एखाद्याने ॲडमिनला 'माझा विड्रॉल अडकलाय' असे कळवले की तो 'निगेटिव्ह' ठरून बाहेर जातो. योजना खोटी असल्याची याहून ठळक खूण मला माहीत नाही. दुःख याचे की आपल्या साध्या, सज्जन ग्रुपांवरही तेच होते. कोणी 'नफा कुठून येतो' विचारले की 'काका, वाद नको' म्हणून त्यालाच गप्प केले जाते, आणि लिंक टाकणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. ही सभ्यता लोकांची आयुष्यभराची पुंजी घालवते.

ॲडमिनला कायद्याची धास्ती असते, तीही समजून घेऊ. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की समान हेतू असल्याखेरीज, सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येणार नाही. पण शिक्षा होत नाही म्हणून कर्तव्य संपत नाही. आता व्हॉट्सॲपवर ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. परताव्याची हमी आणि रेफरलची लिंक एकत्र दिसली की तो मेसेज काढा, पण त्याआधी स्क्रीनशॉट, नंबर, लिंक आणि वॉलेटचा पत्ता जपून ठेवा, कारण उद्या पोलिसांना तेच लागेल. मेसेज काढून गप्पही बसू नका. का काढला ते दोन ओळींत सर्वांसमोर लिहा. टाकणाऱ्याला आधी वेगळा फोन करा. बहुतेकदा त्याचेही पैसे अडकलेले असतात आणि नवा माणूस आणल्याशिवाय ते सुटणार नाहीत, असे त्याला वरून सांगितलेले असते. तरीही तो थांबला नाही, तर ग्रुपमधून त्याने जावे, प्रश्न विचारणाऱ्याने नव्हे.

'क्रिप्टोवर सरकार ३० टक्के कर घेते, म्हणजे ती कायदेशीर' हा युक्तिवाद हमखास येईल. कर नफ्यावर आहे. तो भरला म्हणून कोणाच्या योजनेला परवाना मिळत नाही. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, आणि राज्याचा ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे.

ज्यांचे पैसे आजच गेले असतील त्यांनी लाजेपोटी रात्र घालवू नये. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम बँकेतून पुढे सरकण्याआधी गोठवता आली तरच ती हाती लागण्याची आशा असते. आणि जे अजून 'जॉइनिंग' मिळवत हिंडत आहेत त्यांनी १९७८ चा पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा वाचावा. अशी योजना चालवणे हा गुन्हा आहेच, पण तिच्यात सदस्य नोंदवणे आणि तिच्यासाठी पैसे घेणे हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे.