नाही ते पाहायला

रविवारी गाडी काढून इंग्लंडच्या खेड्यापाड्यांकडे निघालेलं कुटुंब नेमकं काय पाहायला जातं? माझं म्हणणं असं, की ते तिथे नसलेली गोष्ट पाहायला जातं. विधान आगाऊ आहे, पण पुराव्यांची ददात नाही. यॉर्कशरमधलं फाउंटन्स ॲबीच घ्या. 1132 साली स्थापन झालेला हा मठ आठव्या हेन्रीच्या अमदानीत, 1539 मध्ये, बंद झाला. छपराचं शिसं उतरवलं गेलं, आणि तेव्हापासून तिथे छप्पर नाही, तावदानं नाहीत, भिक्षू तर नाहीतच. पुढे 1767 मध्ये शेजारच्या स्टडली रॉयल या जहागिरीचे मालक विल्यम एस्लबी यांनी हे अवशेष विकत घेतले. दुरुस्त करायला नव्हे. आपल्या बागेत फिरताना एका वळणावर अचानक पडका मठ दिसला तर पाहुणे उसासा टाकतील, एवढ्यासाठी. आज बाग आणि मठ मिळून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तिकीट काढून आत जायचं, छप्पर नाही हे मान वर करून नीट पाहून घ्यायचं, आणि ते नसल्यामुळे अंगावर येणारा पाऊस झेलत चहाच्या दिशेने चालू लागायचं, असा तिथला साधारण कार्यक्रम असतो.

ज्या जमीनदारांच्या नशिबी असा पडका शेजार नव्हता त्यांची अठराव्या शतकात मोठी पंचाईत झाली. ती सँडरसन मिलर या हौशी वास्तुरचनाकाराने दूर केली. हा गृहस्थ नवेकोरे भग्नावशेष बांधून देत असे. वूस्टरशरमध्ये हॅग्ली इथे त्याने 1740च्या दशकात एक मोडका किल्ला उभा केला. चार कोपऱ्यांवर चार बुरूज, त्यातला एकच पूर्ण उंचीचा, बाकीचे पहिल्या दिवसापासून ढासळलेले. काम अर्धवट सोडलं म्हणून मालक खूश झाल्याची उदाहरणं बांधकामाच्या इतिहासात फार नसतील. सरे परगण्यात पेन्सहिलच्या चार्ल्स हॅमिल्टन यांची गोष्ट त्याच्याही पुढची. त्यांनी बागेत एक आश्रम बांधला आणि आत बसायला साधू नेमायचं ठरवलं. सांगतात ते असं : सात वर्षं तिथेच राहायचं, केस आणि नखं कापायची नाहीत, कुणाशी बोलायचं नाही, आणि शेवटी 700 पौंड घेऊन जायचं. साधूबाबा तीन आठवडे टिकले आणि मग गावातल्या गुत्त्यावर सापडले. गोष्टीला मीठमसाला लागला असेलही. पण आश्रम अलीकडे पुन्हा बांधून काढला आहे आणि लोक तो हौसेने पाहतात. साधूची जागा मात्र भरलेली नाही. पद रिकामं आहे, आणि तेच तर पाहायचं आहे.

नसण्याचे प्रकारही किती! चॅट्सवर्थ या महालाचे मालक, डेव्हनशरचे सहावे ड्यूक, यांना 1843 मध्ये कुणकुण लागली, की रशियाचा झार निकोलस इंग्लंडला येणार, तेव्हा आपल्याकडेही डोकावेल. त्यांनी आपला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याला कामाला लावलं. वरच्या डोंगरावर तलाव खोदला, मशालींच्या उजेडात रात्रीसुद्धा काम चाललं, आणि सहा महिन्यांत जवळजवळ नव्वद मीटर उंच उडू शकणारं कारंजं तयार झालं. झार इंग्लंडला आला. चॅट्सवर्थला आला नाही. कारंज्याचं नाव आजही ‘एम्परर फाउंटन’ आहे, आणि न आलेल्या पाहुण्याचा मान रोज ठेवला जातो. नॉर्थॅम्प्टनशरमधलं लिव्हडन हे घर सर थॉमस ट्रेशम यांनी बांधायला घेतलं. 1605 मध्ये ते वारले त्या दिवशी कारागिरांनी जणू हत्यारं खाली ठेवली, ती कायमचीच. छप्पर, तक्तपोशी, खिडक्या यांतलं काहीच नाही. ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने हे न झालेलं घर जिवापाड जपलं आहे. याच संस्थेने 1985 मध्ये डर्बीशरमधला कॅल्क ॲबी हा वाडा ताब्यात घेतला आणि त्याची पडझड आहे त्याच टप्प्यावर थांबवली. रंगाचे पापुद्रे सुटलेले आहेत ते आणखी सुटू द्यायचे नाहीत, पण पुन्हा चिकटवायचेही नाहीत, असं ते धोरण आहे. नवीन रंग लावणं याहून किती सोपं, हे कुठलाही रंगारी सांगेल. या संस्थेचा आरंभच मुळी अशा मोडक्या गोष्टीपासून झाला. 1895 मध्ये ती स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने पहिली इमारत म्हणून ससेक्समधल्या आल्फ्रिस्टनचं पाद्र्याचं जुनं पडकं घर 10 पौंडांना घेतलं. आज तिचे पन्नास लाखांहून अधिक सभासद आहेत. दहा पौंडांची पडझड इतकी फळलेली दुसरीकडे क्वचितच दिसेल.

यावर कुणी म्हणेल, लाँगलीटचे सिंह तरी खरे आहेत ना? आहेत. विल्टशरमधल्या त्या महालाच्या आवारात 1966 पासून खरेखुरे सिंह फिरतात. गाडीतून पाहायचं ते आफ्रिकेबाहेरचं पहिलं सफारी पार्क म्हणून त्याची ख्याती आहे. पण सिंह तिथे आले कशामुळे? पैसे नव्हते म्हणून. वारसाकराने जमीनदार घराणी विसाव्या शतकात इतकी पिळून निघाली, की हजाराच्या वर वाडे पाडले गेले. लाँगलीटच्या मार्क्विसनी 1949 मध्येच तिकीट लावून महाल लोकांना उघडा केला होता, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा सिंह आणले. तेव्हा सिंह दिसतात हे कबूल, पण ते गेलेल्या संपत्तीच्या जागेवर बसलेले आहेत. शिवाय सिंह हा दिवसातला बराच वेळ झोपणारा प्राणी असल्यामुळे पुष्कळदा पुढच्या गाडीची मागची काचच जास्त पाहायला मिळते.

यापेक्षा वजनदार आक्षेप निसर्गाचा. डोंगर, तळी, माळ यांना तर कुणी पडकं किंवा अपुरं म्हणणार नाही! म्हणायला हरकत नाही. नॉरफोकमधली ब्रॉड्स नावाची जलाशयांची रांग, जिथे लोक होड्या घेऊन आठवडा आठवडा तरंगतात, ती नैसर्गिक आहे असंच सगळे धरून चालले होते. 1950च्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं, की ते मध्ययुगात सरपणासाठी पीट खणून नेल्यामुळे पडलेले खड्डे आहेत, नंतर पाणी भरलेले. म्हणजे जिथून कुणीतरी काहीतरी उचलून नेलं, त्या पोकळीत नौकाविहार चालतो. लेक डिस्ट्रिक्टमधलं टार्न हाउज हे तळं तर एकोणिसाव्या शतकात एका मालकाने बांध घालून लहान तळी जोडून बनवलेलं आहे. स्कॅफेल पाइक, इंग्लंडचं सर्वोच्च शिखर, 978 मीटर. तिथून काय दिसतं याचं उत्तर ढगांवर अवलंबून असतं आणि ढग बहुधा हजर असतात. पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउटच्या माळाबद्दल मात्र थट्टा आवरती घेतो. तो माळ जमीनदारांनी शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखून ठेवला होता. तिथे पायी चालण्याचा हक्क मिळावा म्हणून एप्रिल 1932 मध्ये शेकडो तरुण, बहुतेक मँचेस्टरच्या गिरण्या-कारखान्यांकडचे, रखवालदारांना न जुमानता वर चढले आणि त्यांतले पाच जण तुरुंगात गेले. वर पाहण्यासारखं काय होतं? वारा आणि मोकळी जागा. ज्यांच्या वाट्याला आठवडाभर धूर आणि भिंती येत, त्यांना ‘काही नाही’ ही केवढी चैनीची वस्तू होती हे त्या पाच शिक्षांवरून कळतं.

मराठी वाचकाचा आक्षेपही मला ठाऊक आहे : आमचे गड काय वेगळे आहेत? रायगडावरही वाडा नाही, चौथराच आहे. खरं आहे, पण त्या वाड्याला मे 1818 मध्ये आग लागली ती इंग्रजांच्याच तोफगोळ्यांनी. भग्नावशेष निर्माण करण्याचं त्यांचं कसब केवळ घरगुती वापरापुरतं नव्हतं. फरक असा, की आपण गडावर जातो ते तिथे कोण होतं यासाठी. डोळ्यांपुढे चौथरा आणि मनात सिंहासन, अशी आपली सोय असते, आणि मधली पोकळी घोषणेने भरते. इंग्रज माणूस घोषणा देत नाही. तो पोकळी तशीच राहू देतो आणि तिच्याशेजारी चहाघर काढतो.

आणि यातच सगळं मर्म आहे. असलेली गोष्ट हिरमोड करू शकते. महाल अपेक्षेपेक्षा लहान निघतो, चित्र काळवंडलेलं असतं. नसलेल्या गोष्टीला तो धोका नाही, आणि पावसात भिजून ती खराबही होत नाही. त्या हवेत हा गुण लहान नव्हे. शिवाय नसलेल्या गोष्टीला पाटी लागते, पाटी वडिलांना मोठ्याने वाचता येते, आणि ती वाचून होईपर्यंत मुलांना भूक लागलेली असते. मग खराखुरा भाग सुरू होतो. गरम स्कोन, घट्ट क्लॉटेड क्रीम आणि जॅम. मठ का पडला यावर त्या टेबलावर दोन वाक्यं होणार नाहीत, पण आधी क्रीम की आधी जॅम यावर डेव्हन आणि कॉर्नवॉल या परगण्यांचं पिढ्यान्‌पिढ्या जमलेलं नाही. डेव्हनमध्ये आधी क्रीम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. माणसं असलेल्या गोष्टीवरूनच भांडतात.

कुणाला अजूनही हे सगळं ओढूनताणून वाटत असेल तर त्याने बॉझवर्थ गाठावं. 22 ऑगस्ट 1485 रोजी तिसरा रिचर्ड हा राजा इथे लढता लढता मारला गेला आणि ट्यूडर घराणं गादीवर आलं. लेस्टरशरमधल्या ॲम्बियन टेकडीवर या लढाईचं सुरेख केंद्र आहे, निशाणं फडकतात, फिरायला पायवाट आहे. 2009च्या सुमाराला संशोधकांनी शेतं पिंजून काढली, तेव्हा तोफांचे शिशाचे गोळे आणि रिचर्डचं चिन्ह असलेला एक इवलासा चांदीचा रानडुक्कर सापडला, पण टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटरवर. लढाई तिकडे झाली होती. खुद्द राजाचा सांगाडाही 2012 मध्ये मिळाला तो लेस्टर शहरात, गाड्या उभ्या करायच्या जागेखाली. इंग्लंडमधल्या कुठल्याही प्रेक्षणीय स्थळाची पहिली पायरी पार्किंग असते, हे त्यालाही चुकलं नाही. मग केंद्र खऱ्या जागी हलवावं का? तिथे खासगी मालकीची शेतं आहेत, चहाघर नाही. टेकडीवर लढाई तेवढी झाली नाही. बाकी सगळी सोय आहे.