वाळूखाली दडलेल्या सोडियमास

सोडियमा,

पत्राच्या वर 'स. न. वि. वि.' लिहायची रीत आहे. तुझ्यासाठी ती मोडतो. पश्चिम ऑस्ट्रेलियापासून व्हिक्टोरियापर्यंत गहू पिकवणाऱ्यांच्या पिढ्या ज्याने नाडल्या, त्याला नमस्कार कसला?

तुझी लबाडी वरून दिसत नाही. शेतात उभं राहावं तर फिकट, भुसभुशीत वाळू, औताला हलकी. वीतभर, कुठे हातभर खाली चिकणमातीत तू ठाण मांडून बसलेला. तिकडे पाऊस हिवाळ्यात, जून ते ऑगस्टच्या सुमारास. तो वाळूतून झरझर उतरतो आणि तुझ्या थरावर येऊन अडतो. तळाला भोक नसलेल्या कुंडीतल्या रोपासारखी गव्हाची गत होते. मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात. पुढे दाणा भरायच्या वेळी तोच थर वाळून दगड होतो, आणि त्याच्याखाली ओल असूनही मुळांना तिथवर जाता येत नाही. एकाच पिकाला आधी बुडवायचं आणि मग तहानेने मारायचं, इतका कोडगेपणा पुरातही नसतो आणि दुष्काळातही नसतो.

समुद्रावरच्या वाऱ्यापावसातून हजारो वर्षं तू त्या भूमीत उतरत राहिलास. बाकीचं मीठ पुष्कळसं धुऊन गेलं, तू मात्र चिकणमातीच्या कणांना चिकटून राहिलास. तुझ्या जागी कॅल्शियम असतं तर त्याने ते कण एकमेकांशी बांधून ठेवले असते. तुझ्या अंगी एकच विद्युतभार, भोवती पाण्याचं जाड वेष्टण. तुला बांधता येत नाही, फक्त विस्कटता येतं. ओल लागली की कण सुटे होतात आणि मातीतली छिद्रं बुजवतात. मातीच्या कणांना चिकटलेल्या, बदलता येणाऱ्या (विनिमययोग्य) धनायनांत तुझा वाटा 6 टक्क्यांवर गेला की ऑस्ट्रेलियात ती जमीन सोडियमग्रस्त धरतात. अमेरिकेतली जुनी मर्यादा 15 टक्के होती. एवढ्याशा वाट्यात एवढा उत्पात!

आम्ही तुला चांगले ओळखतो. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, चोपण जमिनीचं दुखणं तुझंच. पण तिथे काळी माती वरपासून खालपर्यंत एकच असते. तिचा चिकटपणा पायालाच कळतो. ऑस्ट्रेलियात तू वाळूचा बुरखा घेतलास, म्हणून तुझा जास्त राग.

आणि राग त्यांचाही, जे खड्डा खणून खालची माती न पाहता खोल नांगरट करून मोकळे होतात. त्यांच्यामुळेच तुझं फावतं. अवजाराने थर फोडला, पण जिप्सम दिलं नाही, तर एकदोन पावसाळ्यांत तो पुन्हा मिटतो. वर डिझेलचा खर्च गेला तो गेलाच. त्याहून वाईट म्हणजे तुझी माती उपसून वर आली तर पावसानंतर पृष्ठभागावर पापडी धरते आणि अंकुर तिच्याखाली अडकतो.

तुझा एक गुण मात्र खरा आहे, तो नाकारणार नाही. काही वाळूच्या कणांवर मेणचट लेप असतो, त्यामुळे पाणी आत शिरतच नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात बॉर्डरटाउनच्या परिसरात क्लेम ओब्स्ट या शेतकऱ्याने 1960 च्या दशकाच्या अखेरीस अशा वाळूवर खालची चिकणमाती पसरायची वाट दाखवली. तुझ्यामुळे सहज विखुरणारी माती त्या कणांवर चांगली पसरते. पण माती तपासलेली हवी, बेताने घातलेली हवी आणि वाळूत नीट कालवलेली हवी. नाहीतर पुन्हा तीच पापडी.

तुला हुसकायचा उपाय जुनाच आहे: जिप्सम. त्यातलं कॅल्शियम तुझी जागा घेतं आणि पाण्याला निचरा असेल तर तू खाली वाहून जातोस. हेक्टरी अडीच ते पाच टन टाकतात. वर पसरलेल्या जिप्समला तुझ्या थरात काम करायला वेळ लागतो. व्हिक्टोरियात ला ट्रोब विद्यापीठाच्या पीटर सेल यांनी दुसरी वाट धरली. कोंबडीखतासारखं सेंद्रिय खत हेक्टरी 10 ते 20 टन, थेट चिकणमातीत, 30-40 सेंटिमीटर खोल. मुळं तिथवर उतरली आणि मातीची रचना सुधारली. खर्च मोठा आहे, प्रत्येकाला झेपणारा नाही. पण तू अजिंक्य नाहीस एवढं त्यातून सिद्ध झालं.

तुला उघडा पाडायला तर प्रयोगशाळाही लागत नाही. खालच्या थरातलं वाटाण्याएवढं सुकं ढेकूळ काचेच्या भांड्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडायचं. हलवायचं नाही. ढेकूळ नुसतं ढासळलं आणि पाणी स्वच्छ राहिलं, तर तो तुझा पुरावा नव्हे. काही तासांत त्याच्याभोवती दुधाळ वलय पसरलं, तर चोर सापडला.

खारपाणपट्ट्यातल्या माझ्या शेतकरी बांधवांनो, ही परीक्षा तुमच्या मातीलाही लागू आहे. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मात्र घेऊ नका. त्यातले क्षार वलय उमटू देत नाहीत. पावसाचं धरून ठेवा, नाहीतर बॅटरीत घालायचं पाणी आणा. वलय दिसलं की माती तपासणी केंद्रात जा आणि जिप्सम किती लागेल ते विचारा. ट्रॅक्टरवाल्याला बोलावणं त्यानंतर.